इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : घरोघरची दप्तरे आणि गावोगावची संशोधन मंडळे

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• वि. का. राजवाडे यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल.
• मराठ्यांच्या इतिहासाची साधने खाजगी घरांत का विखुरली होती, हे सांगता येईल.
• स्थानिक इतिहास संशोधन मंडळे आणि त्यांची संग्रहालये यांचे महत्त्व विशद करता येईल.
• राजवाडे यांच्या कार्याच्या मर्यादांची चर्चा करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, इतिहासाचे लेखन राजधानीच्या शहरात होत असले, तरी त्याची साधने बहुधा लहान गावांत सापडतात. देशमुखांच्या वाड्यातील फडताळ, मठातील पोथ्यांचे गाठोडे, कुलकर्ण्यांच्या माळ्यावरील रुमाल, शेतात नांगराला लागलेला ताम्रपट ही सारी इतिहासाची साधनेच होत. ही साधने शोधणे हे एक काम आणि ती टिकवणे हे दुसरे. पहिल्या कामाला चिकाटीचा एक माणूसही पुरा पडतो. दुसऱ्या कामाला संस्था लागते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या चरित्रात या दोन्ही कामांचे परस्परनाते स्पष्ट दिसते. शोधाच्या कामात त्यांची बरोबरी करणारे फार थोडे झाले. संस्थेची गरज त्यांनी ओळखली, संस्था स्थापनही केली, परंतु कोणत्याही संस्थेत ते फार काळ रमले नाहीत.

२. जडणघडण

राजवाडे यांचा जन्म १८६३ मध्ये झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने त्यांचे बालपण आजोळच्या आधाराने गेले. पुण्यात शिक्षण घेऊन डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी.ए. ही पदवी मिळवली. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, पण ती त्यांना मानवली नाही. पत्नीचे अकाली निधन झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पाश्चात्त्य विद्येतील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत या हेतूने त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक काढले. ते काही वर्षे चालून बंद पडले. इंग्रजी विद्येत मुरलेल्या या विद्वानाने आपले सारे लेखन मात्र निश्चयपूर्वक मराठीतच केले. ज्या समाजाचा इतिहास, त्याच समाजाच्या भाषेत तो लिहिला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती.

३. साधने घरोघरी का होती?

मराठ्यांच्या इतिहासावर ग्रँट डफ यांचा इंग्रजी ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ तोच प्रमाण मानला गेला. त्याला उत्तर द्यायचे, तर मूळ कागद हाती हवे होते. पुण्यातील पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रज सरकारच्या ताब्यात गेले होते आणि एतद्देशीय अभ्यासकांना त्यात मोकळेपणाने प्रवेश नव्हता. त्या दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत प्रसिद्ध झाले, ते १९३० नंतरच्या दशकात. तेव्हा राजवाडे हयात नव्हते.

सरकारी दप्तराचे दार बंद असले, तरी दुसरी एक वाट मोकळी होती. मराठेशाहीचा कारभार केवळ पुण्याच्या कचेरीत चालत नसे. सरदार, वकील, फडणीस, सावकार, देशमुख, देशपांडे आणि कुलकर्णी यांच्या घरीही पत्रे येत, नकला ठेवल्या जात, हिशेब लिहिले जात. राज्य गेले, पण हे कागद घरांतच राहिले. मात्र पुढील पिढ्यांना मोडी वाचता येईनाशी झाली. इनामांची चौकशी झाल्यापासून कागद दाखवला तर वतन जाईल, ही भीतीही लोकांच्या मनात घर करून होती. त्यामुळे काही कागद वाळवीने आणि कसरीने खाल्ले, काही पावसात भिजले, तर काही रद्दीच्या भावाने गेले.

या साधनांच्या प्रकाशनाला राजवाडे यांच्या आधीच आरंभ झाला होता. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले होते. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन घराण्याच्या कागदांवर काम करीत होते. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मोठा संग्रह जमवला. मिरज, सातारा, वाई, धुळे या गावांची नावे इतिहाससंशोधनाशी जोडली गेली, ती अशा कामामुळेच.

४. भ्रमंती आणि साधनखंड

वाई येथे मिळालेल्या कागदांच्या आधारे राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या संग्रामापर्यंतच्या पत्रांचा हा संग्रह होता. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. ते एका ठिकाणी, एका प्रकाशकाकडून निघाले नाहीत. जिथे आश्रय मिळेल तिथे छापावे, असाच क्रम राहिला. कोल्हापूरचे विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाले’सारख्या नियतकालिकांनी या कामी हातभार लावला.

हे काम कसे चालत असे, ते समजून घेतले पाहिजे. प्रथम घरमालकाचा विश्वास संपादन करायचा. मग रुमाल सोडून धूळ झटकायची, चिकटलेले बंद अलग करायचे, मोडी वाचून बालबोधीत नक्कल करायची. यानंतर खरी कसोटी कालनिर्णयाची. जुन्या पत्रांवर पुष्कळदा केवळ चंद्राची तारीख आणि महिना असतो, वर्ष नसते. असलेच तर ते शुहूर सनात असते. मजकुरातील एखादे लग्न, एखादी लढाई, एखाद्या सरदाराचा मुक्काम यांवरून वर्ष ठरवावे लागते. राजवाडे यांनी हे सारे बहुतांशी एकट्याने, पदरमोड करून आणि अत्यंत साधेपणाने राहून केले.

अस्सल पत्र हे प्रथम दर्जाचे साधन आणि मागाहून लिहिलेली बखर दुय्यम, हा विवेक त्यांनी मराठी इतिहासलेखनात रुजवला. तथापि बखर त्यांनी सर्वस्वी त्याज्य मानली नाही. उत्तर कोकणातील वसाहतींची माहिती देणारी ‘महिकावतीची बखर’ त्यांनी १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह संपादित केली. शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथही त्यांनीच प्रकाशात आणला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) मराठ्यांच्या इतिहासाचे कागद खाजगी घरांत का राहिले?
(आ) वर्षाचा उल्लेख नसलेल्या पत्राचा काळ कसा ठरवला जातो?

५. भारत इतिहास संशोधक मंडळ

व्यक्तीच्या हातून होणाऱ्या संग्रहाला मोठी मर्यादा असते. त्या व्यक्तीचे घर बदलले, प्रकृती ढासळली वा मन उडाले की संग्रह उघड्यावर पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळात सभा भरत, नव्याने सापडलेला कागद सर्वांसमोर वाचला जाई, त्यावर शंका घेतल्या जात आणि टिपणे छापली जात. सरकारी आश्रयावर न विसंबता समाजाने आपला इतिहास जतन करावा, ही कल्पना येथे प्रत्यक्षात आली. कागदांबरोबर पोथ्या, नाणी, ताम्रपट, चित्रे आणि शिल्पेही जमू लागली. अशा रीतीने संशोधन मंडळाच्या पोटीच संग्रहालय जन्माला आले.

राजवाडे यांचा स्वभाव मात्र सभासंस्थांना मानवणारा नव्हता. ते स्पष्टवक्ते, कोपिष्ट आणि स्वमताचे कठोर अभिमानी होते. मतभेद वाढत जाऊन अखेर ते स्वतः स्थापन केलेल्या मंडळापासून दूर झाले. मंडळ मात्र चालत राहिले. दत्तो वामन पोतदार आदी कार्यकर्त्यांनी ते पुढील काळात सांभाळले आणि वाढवले. संस्थापक निघून गेल्यावरही काम थांबू नये, हीच तर संस्थेची खूण होय.

६. पाटांगणच्या पोथीचा धडा

बीडजवळील पाटांगण येथे राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. ही पोथी त्यापूर्वीचा पाठ जपणारी आहे, असे राजवाडे यांचे मत होते. तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी संपादून प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मराठी भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासाला त्यामुळे मोठी चालना मिळाली. परंतु मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पाहता आली नाही. परिणामी पोथीचा काळ, तिचे लेखन आणि संपादकाने स्वीकारलेले पाठ यांविषयीचे वाद मूळ पोथी समोर ठेवून मिटवण्याचा मार्गच उरला नाही. संपादक कितीही व्युत्पन्न असला, तरी त्याची साक्ष मूळ साधनाची जागा घेऊ शकत नाही. पोथी सार्वजनिक संग्रहात असती, तर राजवाडे यांच्या मताला आधार तरी मिळाला असता किंवा त्याचे खंडन तरी झाले असते.

७. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ

आयुष्याच्या उत्तरकाळात राजवाडे यांचा मुक्काम खानदेशातील धुळे येथे होता. हे गाव संशोधनाला अपरिचित नव्हते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी तेथे सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारा समर्थ रामदास आणि रामदासी परंपरा यांच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला होता. धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे यांचे निधन झाले. मागे राहिली ती कागदांची, टिपणांची आणि अपूर्ण ग्रंथांची रास.

त्या राशीची जबाबदारी धुळेकरांनी घेतली. राजवाडे यांच्या निधनानंतर लवकरच तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या घरचे रुमाल सोडवले, त्यांचेच रुमाल आता बांधून, क्रमांक घालून ठेवायचे होते. मंडळाने ते ठेवले, इतकेच नव्हे तर राजवाडे यांचे धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश यांसारखे ग्रंथही प्रसिद्ध केले. पोथ्या, नाणी, शिल्पे व चित्रे यांचा संग्रहही मंडळात वाढत गेला.

याच वर्षी, १९२६ मध्ये, साताऱ्यास पारसनीसही वारले. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले होते, परंतु तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. साधने सुरक्षित राहिली, अभ्यासकांची सोय झाली, हे खरेच. तरीही साताऱ्याच्या मुलांना आपल्या गावचे कागद पाहण्यासाठी पुण्यास जावे लागावे, हेही त्यातून घडले. साधने मोठ्या केंद्रात एकवटावीत की जन्मस्थानी राहावीत, हा प्रश्न आजही स्थानिक संग्रहालयांपुढे आहे. नाणे कोणत्या राजाचे, हे त्यावरील लेख सांगतो. ते कोणत्या शिवारात सापडले, हे मात्र स्थानिक नोंदवहीच सांगते. ही नोंद हरवली की वस्तू उरते आणि तिचा निम्मा इतिहास जातो.

८. मर्यादा

राजवाडे यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. त्यांच्या सिद्धान्तांत अनेकदा पुराव्यापेक्षा कल्पकता पुढे धावते. जातिसंस्थेविषयीच्या त्यांच्या विवेचनात ब्राह्मणी दृष्टिकोनाचा प्रभाव दिसतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या लेखनाचा केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ या पुस्तकातून तीव्र प्रतिवाद केला. कागद कोणाच्या घरी जपले गेले, यावर इतिहास कोणाचा लिहिला जाणार, हेही ठरत असते. ज्यांच्या घरी दप्तर नव्हते, त्यांचा इतिहास ओव्या, लोककथा, अवजारे, देवस्थाने आणि गावगाड्यातील वहिवाटी यांतून शोधावा लागतो. स्थानिक संग्रहालयात तलवारीशेजारी पाभर आणि जाते ठेवले जाते, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघते.

९. समारोप

राजवाडे यांनी मराठी इतिहासाला साधनांचे अधिष्ठान दिले आणि ही साधने गावोगावच्या सामान्य घरांत आहेत, याची समाजाला जाणीव करून दिली. शोधकाची तळमळ त्यांच्यापाशी होती. संस्थेला लागणारा सोशिकपणा पुण्याच्या आणि धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी पुरवला. एका व्यक्तीचे काम तिच्या पश्चात टिकले, ते वर्गणी भरणाऱ्या, याद्या करणाऱ्या आणि दरवर्षी कागद उन्हाला दाखवणाऱ्या अनेकांमुळे. या अनेकांची नावे खंडांवर छापलेली नसतात. तरीही खंडांतील पत्रांचे अस्सल आज ताडून पाहता येते, ते त्यांच्यामुळेच.

सरावासाठी स्वाध्याय
१. संग्राहक व्यक्ती आणि संशोधन संस्था यांच्या कार्यातील फरक राजवाडे यांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. पाटांगणच्या पोथीच्या उदाहरणावरून मूळ साधनाच्या जतनाचे महत्त्व सांगा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या घरातील, मंदिरातील वा संग्रहालयातील जुना कागद किंवा वस्तू पाहून ती कोठून आली, कोणी जपली आणि तिची नोंद कोठे आहे, याविषयी दोनशे शब्दांत टिपण लिहा.