शून्यामागचा नियम

गणित करता करता उत्तर शून्य आले, तर ते योगायोगाने आले की नियमाने, हे तपासणे शास्त्रज्ञाचे कर्तव्य ठरते. त्या तपासाची किल्ली ज्या विदुषीने दिली, त्या एमी नोएथर यांना मात्र विद्यापीठाच्या दारात वर्षानुवर्षे ताटकळावे लागले.

जर्मनीतील एर्लांगेन येथे २३ मार्च १८८२ रोजी एका गणितज्ञाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०७ साली डॉक्टरेट मिळवूनही त्यांनी तेथे विनावेतन काम केले. १९१५ साली हिल्बर्ट व क्लाइन यांनी त्यांना ग्योटिंगेनला पाचारण केले. परंतु स्त्रीला अध्यापनाचा अधिकार देण्यास तेथील अनेक प्राध्यापकांचा विरोध होता. त्यांची व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. तो अधिकार अखेर १९१९ साली मिळाला.

तत्पूर्वीच, १९१८ साली, त्यांनी एक मूलगामी प्रमेय सिद्ध केले होते. निसर्गनियमांत अखंड सममिती असेल, तर तिच्याशी एक अक्षय्य राशी निगडित असते. नियम काळानुसार बदलत नाहीत, म्हणून ऊर्जा अक्षय्य राहते. पुंजभौतिकीत या विचाराला नवे महत्त्व आले. तेथे कणाच्या मूळ वस्तुमानात सूक्ष्म घडामोडींमुळे दुरुस्त्या कराव्या लागतात. प्रकाशकणाच्या बाबतीत मात्र त्या सर्वांची बेरीज शून्य होते. कारण विद्युत्‌चुंबकीय सिद्धांताची सममिती अशी भर पडूच देत नाही. अतिसूक्ष्म तपशील वगळून मर्यादित ऊर्जेपुरता मांडलेला सिद्धांतही ती सममिती पाळत असेल, तर हे शून्य अबाधित राहते. २०१२ साली सापडलेल्या हिग्ज कणाला असे संरक्षक कवच अद्याप आढळलेले नाही. म्हणूनच त्याचे वस्तुमान एवढे कमी का, हे कोडे कायम आहे.

१९३२ साली अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ज्ञानाचे दार उघडले. त्याच वर्षी झुरिचच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत नोएथर यांचे प्रमुख व्याख्यान झाले. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यू म्हणून त्यांना पदावरून दूर केले. अमेरिकेतील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयाने त्यांना आश्रय दिला. १४ एप्रिल १९३५ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ग्योटिंगेनच्या अध्यापकवर्गात स्त्रियांची संख्या दीर्घकाळ शून्य होती, तोही योगायोग नव्हे. त्यामागेही एक नियमच होता. अंतर एवढेच, की तो निसर्गाने केलेला नव्हता, माणसांनी केलेला होता आणि म्हणूनच तो मोडता आला. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत आज मुली भौतिकशास्त्र शिकतात. त्यांच्यापैकी संशोधनापर्यंत किती पोहोचतात, हे पाहताना तेथेही कोठे शून्य आढळले, तर वऱ्हाडाने दैवाला बोल न लावता त्यामागचा नियम शोधावा.