मधुमेह दिन १४ नोव्हेंबरलाच का?

आपला बालदिन असतो त्याच तारखेला, १४ नोव्हेंबर १८९१ रोजी, कॅनडातील ऑन्टारिओत फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या या सर्जनचा दवाखाना काही चालेना. टाइप १ मधुमेहाच्या मुलांना त्या काळी जगवण्यासाठी जवळपास उपाशी ठेवत. तरी ती फार जगत नसत. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात, प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातून साखर उतरवणारा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला टोचला. साखर थोडीच उतरली, वर टोचल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिले, तेव्हा कुठे गुण आला. श्रेय एकट्या बँटिंग यांचे नाही ते म्हणूनच. लेनर्ड आणखी १३ वर्षे जगला, अर्थात रोजच्या इन्सुलिनवर. १९२३चे नोबेल बँटिंग व मॅक्लाउड यांना मिळाले. बेस्ट यांना वगळल्याने संतापलेल्या बँटिंग यांनी आपली निम्मी रक्कम त्यांना दिली. पेटंट तर बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडला विमान कोसळून बँटिंग गेले, तेव्हा ते ४९ वर्षांचे होते.