सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक! मुन्शी प्रेमचंद यांनी घर आणि लेखन यांचा मेळ कसा घातला?

नोकरी सोडून मनासारखं लिहायचं, स्वतःची पुस्तकं स्वतःच छापायची, हे स्वप्न आज अनेक जण पाहतात. पण महिन्याच्या १ तारखेला पगार जमा होणार नसेल तर घर कसं चालवायचं? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न हिंदी-उर्दूतले मोठे कादंबरीकार मुन्शी प्रेमचंद यांच्यासमोर होता. ‘गोदान’, ‘गबन’ आणि ‘निर्मला’ लिहिणाऱ्या या लेखकाचा संसार नेमका कसा चालला, ते जाणून घेऊया.

कमी वयात घराची जबाबदारी

प्रेमचंद यांचं खरं नाव धनपत राय. जन्म ३१ जुलै १८८०, वाराणसीजवळच्या लमही गावात. वडील पोस्टात कारकून होते. धनपत लहान असतानाच आई गेली. पंधराव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावून दिलं आणि त्यानंतर थोड्याच काळात वडीलही गेले. सावत्र आई, सावत्र भाऊ आणि पत्नी अशा सगळ्यांचा भार शाळकरी मुलावर आला. शिकवण्या करून त्यांनी शिक्षण रेटलं. १८९९ मध्ये चुनारच्या मिशन शाळेत नोकरी लागली, पगार होता महिना १८ रुपये. पुढच्याच वर्षी बहराइचच्या सरकारी शाळेत २० रुपयांवर ते रुजू झाले.

पहिलं लग्न टिकलं नाही. पत्नी माहेरी गेली ती परत आली नाही. १९०६ मध्ये प्रेमचंद यांनी शिवरानी देवी या बालविधवेशी लग्न केलं. त्या काळात हे धाडसच होतं. पुढची तीस वर्षं त्यांच्या लेखनामागे आणि घरामागे शिवरानी देवी उभ्या होत्या.

नोकरी की लेखणी?

नोकरी आणि लेखन यांची पहिली टक्कर ‘सोज़-ए-वतन’ या कथासंग्रहामुळे झाली. देशप्रेमाच्या या कथा इंग्रज अधिकाऱ्यांना राजद्रोही वाटल्या आणि उरलेल्या प्रती जाळून टाकाव्या लागल्या. त्यानंतर त्यांनी ‘प्रेमचंद’ हे नाव घेतलं. म्हणजे आज सगळ्यांना माहीत असलेलं हे नाव मुळात नोकरी वाचवण्यासाठी घेतलेलं टोपणनाव होतं.

फेब्रुवारी १९२१ मध्ये गोरखपूरला महात्मा गांधींची सभा झाली. असहकाराच्या हाकेनंतर काही दिवसांतच प्रेमचंद यांनी सुमारे २० वर्षांची सरकारी नोकरी सोडली. घरात लहान मुलं, स्वतःची तब्येत नाजूक आणि हाताशी मोठी शिल्लक नाही. हा निर्णय मात्र त्यांनी एकट्याने घेतला नव्हता. आधी शिवरानी देवींना विचारलं. त्यांनी काही दिवस विचार केला आणि मग होकार दिला. धाकटा मुलगा अमृत राय याचा जन्मही १९२१ चाच.

स्वतःचा प्रेस, स्वतःचा तोटा

१९२३ मध्ये त्यांनी बनारसमध्ये भागीदारीत सरस्वती प्रेस सुरू केला. प्रकाशकावर अवलंबून राहायचं नाही आणि छपाईच्या उत्पन्नावर घर चालवायचं, असा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात उलटं घडलं. प्रेस तोट्यात गेला आणि पुस्तकांचे पैसे प्रेसमध्ये जाऊ लागले. घरासाठी लखनौला जाऊन ‘माधुरी’ मासिकाचं संपादन करावं लागलं. १९३० मध्ये ‘हंस’ मासिक आणि १९३२ मध्ये ‘जागरण’ साप्ताहिक हाती घेतलं. त्यामुळे खर्च आणखी वाढला.

याची झळ घराला बसत होती. हिवाळ्यात गरम कपडे शिवण्यासाठी शिवरानी देवींनी दिलेले पैसे प्रेमचंद यांनी प्रेसच्या कामगारांना देऊन टाकल्याची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. पगार थकले की कामगारांच्या चुली बंद पडायच्या, ते भागवले की स्वतःच्या घराला कात्री लागायची.

मुंबईत का आले?

कर्ज फेडण्यासाठी १९३४ मध्ये प्रेमचंद मुंबईला आले. अजंठा सिनेटोन या कंपनीशी वर्षाला ८ हजार रुपयांचा करार झाला आणि दादरला बिऱ्हाड झालं. त्यांनी लिहिलेला ‘मजदूर’ हा चित्रपट गिरणी कामगारांच्या प्रश्नावर होता. त्यावर मुंबईत बंदी आली. सिनेमाच्या धंद्यात त्यांचं मन रमलं नाही आणि वर्ष पुरं होण्याआधीच, एप्रिल १९३५ मध्ये, ते बनारसला परतले.

शिवरानी देवींचं काय?

या गोष्टीत त्यांना फक्त ‘लेखकाची पत्नी’ म्हणणं अन्यायाचं ठरेल. त्या स्वतः कथा लिहायच्या. सविनय कायदेभंगाच्या काळात लखनौला विदेशी कापडाच्या दुकानांसमोर निदर्शनं करून त्या तुरुंगातही गेल्या. तेव्हा घरची बाजू प्रेमचंद यांना सांभाळावी लागली. ‘प्रेमचंद घर में’ हे त्यांचं १९४४ चं पुस्तक आहे. प्रेमचंद यांच्या संसाराबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंच या पुस्तकामुळेच.

मग मेळ जमला का?

पैशांच्या हिशेबात नाही. १९३६ मध्ये ‘गोदान’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी सरकारने ‘हंस’कडे जामीन मागितला. आजारी असतानाही प्रेमचंद यांनी मासिक बंद पडू दिलं नाही. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यानंतर ‘हंस’ चालवण्याची जबाबदारी शिवरानी देवींनी घेतली. श्रीपत राय आणि अमृत राय ही दोन्ही मुलंही पुढे लेखन-संपादनातच आली. अमृत राय यांनी वडिलांचं सविस्तर चरित्र लिहिलं.

प्रेमचंद यांची ‘मंगलसूत्र’ ही शेवटची कादंबरी अपुरी राहिली. तिचा नायक एक वयस्कर लेखक आहे. आयुष्यभर तत्त्वाने लिहिलं, पण पैसा जोडला नाही, आणि आता मोठा मुलगा त्याचा जाब विचारतोय. शेवटच्या आजारपणातही हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता, एवढं त्यावरून नक्की कळतं.