गाण्याची शाळा काढणारे पं. विष्णू दिगंबर पलुस्कर



चौकातल्या एका आईने मला परवा विचारलं, सर, मुलीला गांधर्वच्या परीक्षेला बसवू का? उत्तनपासून चौकापर्यंत घराघरात गाणारी मुलं आहेत, त्यामुळे प्रश्न नवा नाही. पण हे 'गांधर्व' नाव कुठून आलं, ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणून आजचा पाठ.

विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि दृष्टी अधू झाली. शाळा सुटली. डोळ्यांवर फार ताण न देता जमेल असं शिक्षण म्हणजे गाणं, म्हणून मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली.

त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा चार ताना पदरात पडायच्या. वही नाही, पुस्तक नाही. गवयाला राजदरबारी बिदागी मिळे, पण गावात मान नसे. असं सांगतात की मिरजेतल्या एका समारंभाला विष्णुबुवांना बोलावणं आलं, आणि गुरुजींना मात्र नाही, का तर ते नुसते गवई! हे त्यांच्या मनाला फार लागलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढे गावोगाव फिरले. सौराष्ट्रात त्यांनी चक्क तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण गाणं तोवर देवळात नाहीतर राजवाड्यात असायचं. तिकीट काढलं की कोणीही येऊन बसू शकतो, ही गोष्ट तेव्हा नवीच होती.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुरुंदवाडचा माणूस, पंजाबात, ओळख ना पाळख! संस्थानिकाच्या मर्जीवर नाही, तर लोकांच्या देणग्यांवर आणि फीवर चालणारी ही गाण्याची शाळा. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं शाळेसारखं. गाणं कागदावर उतरावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश' लिहिलं. मला विचाराल तर शिक्षक म्हणून त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे उपदेशक वर्ग. गरीब पण होतकरू मुलांना राहणं-जेवण फुकट, आणि बदल्यात शिकून झाल्यावर गावोगाव गाणं शिकवायचं. थोडक्यात, हे आपलं डी.एड.च म्हणा ना! पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास हे सगळे त्यांचे शिष्य.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत बांधली, तीही कर्ज काढून. बुवा मैफली करून हप्ते भरत, पण इतक्या मुलांचं जेवणखाण आणि कर्ज यांचा मेळ काही बसेना. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. शाळा चालवणाऱ्याला यातली कळ वेगळी सांगायला नको. फी वाढवून, फुकटची मुलं कमी करून इमारत वाचली असती का? कोण जाणे. त्यांनी तो रस्ता धरला नाही, एवढं खरं.

पुढची वर्षं ते नाशिकला रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, पुढे विशारदचे फॉर्म भरतात ते याच मंडळाचे.

बुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे गाणं शिकवलं ते वडिलांच्याच शाळेत तयार झालेल्या विनायकराव पटवर्धनांनी. तोच मुलगा म्हणजे पं. द. वि. पलुस्कर.