डॉ. झाकिर हुसेन आणि वर्ध्याचा अभ्यासक्रम

काळ बदलला की शालेय अभ्यासक्रमही बदलला पाहिजे, असे सर्वच म्हणतात. परंतु तो बदलताना काय जपावे, हे समजून घेण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांचे चरित्र आपण अवश्य अभ्यासावे.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. दहाव्या वर्षी वडील वारले. १९११ मध्ये प्लेगने आई हिरावून नेली. तरीही इटावा व अलीगढ येथे त्यांनी शिक्षण घेतले. १९२० मध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाच्या स्थापनेत ते सहभागी झाले. बर्लिनहून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतल्यावर त्यांनी आर्थिक विवंचनेतील जामियाची धुरा उचलली. दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद भरविली. मुलांनी हस्तव्यवसायातून शिकावे व त्याच उत्पन्नातून शिक्षकांचे वेतन निघावे, अशी गांधीजींची कल्पना होती. कामातून शिक्षण हे तत्त्व झाकिरसाहेबांना मान्य होते. परंतु कमाईवरच भर दिल्यास शिक्षक गरीब मुलांना राबवून घेतील, असा स्पष्ट इशारा त्यांनी भर परिषदेत दिला. तरीही अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच सोपविण्यात आले!

समितीने सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून सुचविले. रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तव्यवसायाला दिली. गणित, सामान्य विज्ञान व समाजशास्त्र त्याच्याशी जोडले. मुस्लिम लीगने योजनेला कडाडून विरोध केला. स्वकीयांचा रोष पत्करूनही झाकिरसाहेबांनी हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्षपद सांभाळले.

पुढे अनेक शाळांत टकळी फिरत राहिली, पण तिच्यातून गणित वा विज्ञान शिकविणे मागे पडले. योजना हळूहळू मावळली. झाकिरसाहेब १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले आणि ३ मे १९६९ रोजी त्याच पदावर असताना निवर्तले. जामियाच्याच आवारात त्यांचे दफन झाले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख पुन्हा अभ्यासक्रमात आणली आहे. पालकहो, आपला पाल्य सुतारकाम किंवा विजेचे काम शिकू लागला, तर त्यात कमीपणा मानू नका. मात्र या कामातून त्याला मोजमाप, विज्ञान आणि विचार करणे येते आहे का, हे शाळेला जरूर विचारा. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही हात चालविताना ‘असे का?’ हा प्रश्न सोडू नका.