क्लोद बेर्नार : बाणाच्या विषाने उलगडलेले कोडे

फ्रान्समधील सँ-ज्युलियाँ या गावी १२ जुलै १८१३ रोजी एका द्राक्षबागाईतदाराच्या घरी जन्मलेल्या क्लोद बेर्नार यांना नाटककार व्हायचे होते. लियाँ शहरात औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करताना लिहिलेले नाटक घेऊन ते पॅरिसला गेले. तेथील एका नामवंत समीक्षकाने ते वाचून त्यांना वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. फ्रेंच रंगभूमीचे त्यात फारसे नुकसान झाले नसावे.

पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजांदी यांच्या प्रयोगशाळेत काम करताना क्युरारे हे विष त्यांच्या हाती आले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारी ते बाणांना लावीत. त्याने प्राणी लुळा पडे आणि श्वास थांबून मरे. बिघाड नेमका कोठे होत असे? बेर्नार यांनी बेडकाच्या मागील पायाचा रक्तपुरवठा दोरा आवळून बंद केला. मज्जातंतू मात्र तसाच राखला. मग पाठीत विष टोचले. सारे शरीर निश्चल झाले, पण विष न पोहोचलेला पाय हलू शकत होता. लुळ्या पडलेल्या भागाला चिमटा घेतला तरी तो पाय आखडे. म्हणजे संवेदना शाबूत होती. विषबाधित स्नायूला थेट विजेचा झटका दिला की तो आकुंचन पावे, मज्जातंतूला दिला तर नाही. स्नायूची आकुंचनशक्ती त्याची स्वतःची असते, मज्जातंतू केवळ आज्ञा पोहोचवतो, हे यातून दिसले. ती आज्ञा ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत जाते आणि क्युरारे स्नायूवरील तिची जागाच अडवते, हा उलगडा विसाव्या शतकात झाला. बेर्नार दोष मज्जातंतूलाच देत राहिले.

घरी मात्र या कीर्तीचे मोल वेगळे होते. १८४५ मध्ये झालेल्या विवाहातील हुंड्यावर त्यांचे संशोधन काही काळ चालले. त्याच पत्नीला जिवंत प्राण्यांवरील प्रयोग असह्य झाले. १८६९ मध्ये दोघे विभक्त झाले. क्युरारेने प्राणी केवळ हालचाल गमावतो, वेदना नव्हे, हे तर बेर्नार यांच्याच प्रयोगांतून दिसले होते. १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने क्युरारेला भुलीचे औषध मानण्यास मनाई केली.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. त्या देशात शास्त्रज्ञाला तो मान प्रथमच मिळाला.