हिदेयो नोगुची

हिदेयो नोगुची (९ नोव्हेंबर, १८७६ – २१ मे, १९२८) हे जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. उपदंश, ओरोया ज्वर, लेश्मानिया परजीवी, पीतज्वर आणि खुपरी (ट्रॅकोमा) हा डोळ्यांचा रोग यांवर त्यांनी विपुल शोधनिबंध लिहिले. त्यांपैकी काही निष्कर्ष आजही मान्य आहेत. खुपरी व पीतज्वर यांच्या कारणांविषयीचे निष्कर्ष मात्र चुकीचे ठरले.

जीवन

नोगुची यांचा जन्म फुकुशिमा प्रांतातील इनावाशिरो येथे गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी चुलीत पडून त्यांचा डावा हात भाजला व बोटे चिकटली. पुढे शस्त्रक्रियेने हात काही प्रमाणात सुधारला आणि ते वैद्यकाकडे वळले. १८९७ साली त्यांना वैद्यकीय परवाना मिळाला. सेइसाकु हे मूळ नाव त्यांनी १८९८ साली बदलले. १९०० साली अमेरिकेत गेल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सायमन फ्लेक्सनर यांच्याबरोबर सर्पविषावर काम केले. १९०४ पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत होते.

उपदंशावरील संशोधन

उपदंशाच्या जंतूचा शुद्ध संवर्ध मिळाल्याचे त्यांनी १९११ साली जाहीर केले. परंतु इतरांना तो प्रयोग यशस्वीपणे करता आला नाही. त्यांनी सुचवलेल्या ल्युएटिन त्वचा-चाचणीचे प्रयोग रुग्णांबरोबरच निरोगी मुलांवरही झाले व त्यावरून अमेरिकेत वाद उठला. १९१३ साली जे. डब्ल्यू. मूर यांच्यासह त्यांनी उन्माद व पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. हा मानसिक विकार उपदंशाचीच उत्तरावस्था आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

लेश्मानिया व ओरोया ज्वर

लेश्मानिया हा एकपेशीय परजीवी काळा आजार व त्वचेवरील व्रण यांस कारणीभूत असतो. त्याच्या जाती सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. संवर्ध व रक्तरस-चाचण्यांच्या साहाय्याने त्या वेगळ्या ओळखण्याविषयी नोगुची यांनी १९२४ ते १९२६ या काळात निबंध प्रसिद्ध केले.

१९२६ साली बातिस्तिनी यांच्यासह त्यांनी पेरू देशातील ओरोया ज्वराच्या रुग्णाच्या रक्तातून बार्टोनेला बॅसिलिफॉर्मिस या जंतूचा संवर्ध केला. ओरोया ज्वर आणि त्वचेवर गाठी आणणारा पेरूव्हियन व्हेरुगा ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत, हे त्यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. या रोगाच्या कीटकवाहकांवरील त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९२९ साली प्रसिद्ध झाला.

खुपरीवरील संशोधन

खुपरीमध्ये पापण्यांच्या आतल्या बाजूस बारीक पुरळ उठते, नंतर व्रण पडून पापणी आत वळते व बुबुळ खराब होऊन अंधत्व येते. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथील मूळ अमेरिकी रुग्णांच्या डोळ्यांतून नोगुची यांनी एक जीवाणू वेगळा केला. तो माकडांच्या डोळ्यांत टोचल्यावर पुरळ उठले, म्हणून त्यांनी त्यास खुपरीचे कारण ठरवले व बॅक्टेरियम ग्रॅन्युलोसिस असे नाव दिले. हे विस्तृत संशोधन १९२८ साली प्रसिद्ध झाले. पुढील तपासण्यांत मात्र हा दावा टिकला नाही.

खुपरीचा खरा जंतू, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस, केवळ जिवंत पेशींच्या आत वाढतो. नोगुची वापरत असलेल्या कृत्रिम माध्यमावर तो वाढत नाही. १९०७ साली हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक यांनी त्याचे पेशींतील पुंजके पाहिले होते. चीनमधील तांग फेइफान यांनी १९५७ साली त्याचा संवर्ध प्रसिद्ध केला.

पीतज्वर आणि मृत्यू

१९१८ साली इक्वेडोरमधील ग्वायाकिल येथे नोगुची यांना पीतज्वराच्या मानलेल्या रुग्णांत एक लेप्टोस्पायरा जंतू आढळला. त्यास पीतज्वराचे कारण मानून लसही तयार केली गेली. १९२६ साली थायलर व सेलर्ड्स यांनी तो वाइलच्या रोगाचा जंतू असल्याचे दाखवले. त्यानंतर पश्चिम आफ्रिकेतील संशोधनातून पीतज्वर विषाणूजन्य असल्याचे स्पष्ट होऊ लागले. याची स्वतः तपासणी करण्यासाठी नोगुची १९२७ साली अक्रा येथे गेले. तेथे पीतज्वरानेच त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी विल्यम यंग हेही काही दिवसांतच त्याच रोगाने मरण पावले. नोगुची यांचे दफन न्यूयॉर्कमधील वुडलॉन दफनभूमीत झाले.

मूल्यमापन व स्मृती

कृत्रिम माध्यमावर जंतू वाढवण्याच्या कौशल्यावर नोगुची यांचा लौकिक उभा होता. बार्टोनेलासारख्या जंतूंच्या बाबतीत ही पद्धत यशस्वी ठरली. ज्या रोगांचे कारण अशा माध्यमावर वाढतच नव्हते, तेथे सोबत वाढलेला दुसरा जंतूच कारण समजला गेला. रोगनिदानातील चुकीनेही दिशाभूल झाली. त्यामुळे त्यांचे निबंध इतरांनी केलेल्या पडताळणीसह वाचले जातात.

जपानच्या १,००० येनच्या नोटेवर २००४ पासून त्यांचे चित्र होते. २०२४ साली त्याजागी कितासातो शिबासाबुरो यांचे चित्र आले. आफ्रिकेतील वैद्यकीय संशोधन व सेवेसाठी जपान सरकार त्यांच्या नावे पुरस्कार देते.